एम्प्रेस ऑफ मलबार

"ह्या स्थळाक नाय म्हणान कळव," बाबा म्हणाले आणि हातातला कोरडा ग्लास पुन्हा पुसायला लागले.

मावशीचं पत्र माझ्या हातात होतं. मालवणच्या पराडकरांचा जनार्दन, बर्फाच्या कारखान्यात फिटर, येत्या रविवारी मला बघायला येणार होता. बघायला म्हणजे आपली रीत म्हणून. फिटरचं काम यंत्र दुरुस्त करायचं, बर्फ पोचवायचं नव्हे. तरी गेलं वर्षभर दर मंगळवारी आणि शुक्रवारी हा माणूस बर्फाच्या ट्रकवर चढून आमच्या हॉटेलात यायचा. का यायचा ते मला ठाऊक होतं आणि ट्रकवाल्यालाही. पत्ता नव्हता तो फक्त बाबांना.

"कित्याक नाय?" मी विचारलं.

"मुलगो बरो नाय."

"परवा तर तुमीच म्हणालात, असो सालस झील देवान कोणाक दिल्यान म्हणान."

"पत्राच्या शेवटाक काय लिवलेला आसा ता वाच."

मी वाचलं. 'सोबत मुलाचे काका बाबल सारंग येतील. तेही भावोजींच्याच एम्प्रेस ऑफ मलबार बोटीवर होते. जुन्या गप्पा निघतील.'

"मगे बराच झाला की. तुमच्या वळखीचेच निघाले."

बाबांनी ग्लास ठेवून दिला.

ही १९६६ सालची गोष्ट. वेंगुर्ल्याच्या बंदरावर आमचं हॉटेल होतं. दारावरची पाटी बाबांनी मुंबईहून रंगवून आणली होती: 'हॉटेल एम्प्रेस. प्रोप्रायटर डी. बी. खवणेकर, चीफ स्टुअर्ड (रिटायर्ड)'. डी म्हणजे धाकू, पण धाकू म्हणायची कोणाची टाप नव्हती. सगळं बंदर त्यांना स्टुअर्डसाहेब म्हणायचं. पितळी बटणांचा पांढरा कोट घालून ते उभे राहत आणि आगबोटीची वाट बघणाऱ्या उतारूंना आमचं खास पेय देत. त्या पेयाचं नावही एम्प्रेस. कोकमाचं आगळ, आलं, मिरची, मीठ, वर गोटी सोडा आणि जनार्दनाचा बर्फ.

ही एम्प्रेस कोण, असं कोणी विचारलं की बाबा खुलायचे. विलायतेच्या राणीने हिंदुस्थानची चक्रवर्तिनी अशी पदवी घेतली. ती पदवी बोटींच्या नाकावर चढली, बोटींवरून मुंबईच्या हॉटेलांवर गेली आणि हॉटेलांतून साहेबांच्या ग्लासात उतरली. "आणि सायबाच्या ग्लासातसून हंय इली," असं म्हणून ते आमचा ग्लास पुढे करत. साहेब आणि त्याचं राज्य जाऊन एकोणीस वर्षं झाली होती, पण आमच्या बंदरावर ती चक्रवर्तिनी रोज दुपारी फेसाळत होती. मलाही त्याचा केवढा तोरा होता!

"सुगंधा," बाबा म्हणाले, "मी स्टुअर्ड नव्हतंय."

"मगे?"

"टोपस होतंय."

हा शब्द मला ठाऊक नव्हता. बाबांना तो समजावून सांगावा लागला, आणि त्यांनी तो माझ्याकडे पाठ करून सांगितला. टोपस म्हणजे बोटीवरचा झाडूवाला. उतारूंचे आणि खलाशांचे संडास धुणारा, लोकांच्या ओकाऱ्या पुसणारा. ऐन विशीत ते मुंबईला गेले तेव्हा दुसरं कुठलंच काम मिळालं नाही. एक फेरी करून सोडून द्यायचं म्हणून हे घेतलं आणि एकवीस वर्षं केलं. माझी आई वारली तीही चीफ स्टुअर्डची बायको म्हणूनच.

"हो बाबल सारंग कोण ता माका आठवणा नाय," बाबा म्हणाले. "पण तेका मी आठवतलंय. सारंग म्हणजे खलाशांचो राजा, आणि टोपस तेच्या डोळ्यासमोरच बालदी घेवन फिरता. तो तोंड उघडतलो. तुझा लगीन मोडतला ता मोडतलाच, पण मगे ह्या बंदरार माझ्या हातचा पाणी कोण पितलो?"

तेव्हा मला बाबांची दया आली, असं लिहिता आलं असतं तर फार बरं झालं असतं. आज माझी अठ्ठ्याहत्तरी उलटली, खोटं लिहून काय मिळणार! मला किळस आली. त्यांनी पुसलेल्या ग्लासांकडे मी बघितलं आणि नजर वळवली. मग राग आला. त्यांच्या थापेपायी माझा जनार्दन हातचा जाणार होता.

"मी त्या दिसा सावंतवाडीक जातंय," बाबा म्हणाले. "आजारी आसंय म्हणान सांग."

"बापूस घरात नाय आणि चेडवाक दाखवतत? त्यापरीस हॉटेलाक आग लावा," मी म्हणाले. "होऊचा ता तुमच्यासमोर होऊ देत."

पुढचे तीन दिवस आम्ही कामापुरतं बोललो.

रविवारी दुपारी पाहुणे आले. पुढे जनार्दनाची आई अनसूयाबाई. विधवा बाई, ताठ मानेची आणि बोलायला फटकळ अशी त्यांची ख्याती होती. मागून जनार्दन. त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू जन्मात मला पाहिलंच नव्हतं. नाटकात काम मिळालं असतं त्याला. आणि शेवटी काका. उंच, वाकलेले, गळ्यात सारंगाची चांदीची साखळी आणि साखळीला शिट्टी. आमच्या किनाऱ्यावर त्या शिट्टीला केवढा मान!

बाबा भिंतीला पाठ लावून उभे होते. समोरून माणूस आला की ते नेहमीच असे भिंतीला चिकटून वाट करून देत. मी ती स्टुअर्डची अदब समजत आले होते. आता कळलं होतं की हातात बालदी असलेल्या माणसाला तसंच उभं राहावं लागतं.

काका उंबऱ्यात थबकले. दोघांची नजरानजर झाली.

"धाकू..." काका म्हणाले. मग खाकरले. "धाकू स्टुअर्ड! वळाखलंत काय?"

बाबांचं तोंड क्षणभर उघडंच राहिलं. मग तेही खाकरले. "वळाखलंय तर! येवा सारंगानू, बसा."

मला रडू फुटायचं तेवढं बाकी होतं. या माणसाला सगळं ठाऊक होतं आणि तो आमच्यासाठी खोटं बोलत होता. देवमाणूस, मी मनात म्हटलं. सगळ्यांना एम्प्रेस दिली, पाया पडले आणि खालमानेने बसले.

"एकाच बोटीर होतात," अनसूयाबाई म्हणाल्या, "म्हणजे जेवूक पण एकत्रच बसत आसतालात."

"तर!" दोघे एकदम म्हणाले.

"डेकार," काका म्हणाले.

"सायबांच्या जेवणाच्या सलूनात," बाबा म्हणाले. "म्हणजे कदी डेकार, कदी सलूनात."

"कप्तान कसो होतो?" अनसूयाबाईंनी विचारलं.

"उंच," बाबा म्हणाले.

"बुटको," काका म्हणाले.

"आधी उंच होतो," बाबांनी सावरून घेतलं, "मगे बदललो."

जनार्दनाला ठसका लागला. मी पदराआड हसू दाबलं. मला वाटलं, पार पडलं. एक गोष्ट मात्र मला खटकत होती. काका एक घोट घेत आणि लगेच ग्लासवर तळहात झाकून धरत. पुन्हा घोट, पुन्हा तळहात. खोलीत औषधाला माशी नव्हती. बाबा सारखे त्या हाताकडे बघत होते आणि त्यांचा चेहरा मघापेक्षा निवळला होता.

अनसूयाबाईही खुलल्या. "आमचे भावजी लय शिस्तीचे हां," त्या म्हणाल्या. "बोटीर ते टोपस आसतत ना, संडास धुवणारे? तेंतल्या एकान भावजींका पाणी दिल्यान. भावजींनी पेलो तसोच तेच्या अंगार ओतल्यानी. होय ना ओ भावजी?"

काकांनी मान वर केली नाही. बोटीतली मर्दुमकी म्हणून ही गोष्ट त्यांनी घरात दहादा सांगितली असणार. आज ती त्यांच्या घशात अडकली.

बाबा भिंतीपासून पुढे आले. त्यांनी कोटाची बटणं सोडली, कोट काढला, घडी घालून टेबलावर ठेवला. आतल्या बनियनला खांद्यावर भोक होतं.

"वैनी," ते म्हणाले, "तो टोपस मीच. स्टुअर्ड मी कदीच नव्हतंय. पाटी खोटी, कोट खोटो. मुलगी तेवढी खरी आसा. तिका पण तीन दिसांआधीच कळला, तेवा तिका दोष देव नकात."

अनसूयाबाईंनी अर्धा प्यायलेला ग्लास खाली ठेवला. स्थळ गेलं, हे मला त्या क्षणी उमजलं, आणि तरी मी उठून बाबांच्या बाजूला जाऊन उभी राहिले. तीन दिवस ज्यांच्या हाताकडे मी बघत नव्हते, त्यांचा हात मी धरला. इतका अभिमान मला त्यांच्या पांढऱ्या कोटाचाही कधी वाटला नव्हता.

"पेलो ओतलंय ता खरा," काका खालच्या आवाजात म्हणाले. "पण घराकडे मी अर्धीच गोष्ट सांगलंय, वैनी."

"म्हणजे?"

"मी सारंग नाय. आगवालो. खाली बॉयलरात कोळसो मारी होतंय." त्यांनी ग्लासवरचा तळहात उचलून दाखवला. "हेका बघा. घोट घेतलो की झाकण. झाकला नाय तर पाण्यात कोळश्याची भुकटी पडा. वीस वर्सा झाली बोट सोडून, हाताची खोड काय जाणा नाय."

जनार्दन काकांकडे बघतच राहिला.

"तांबड्या समुद्रात आमच्या थंय खाली माणसा पटापट पडत," काका सांगू लागले. "वरसून येय ता पाणी पण ऊन. हो धाकू आमचे संडास धुवूक खाली येय. घराकडसून आणलेली आगळाची बाटली होती तेच्याकडे. ता पाण्यात घालून, मीठ घालून तो आमका देय. पयल्या दिसा मी ओतलंय, टोपसाच्या हातचा म्हणान. दुसऱ्या दिसा मीच आडवो झालंय. डोळे उघडले तेवा माझा डोक्या तेच्या मांडयेर आणि तोंडात कोकम. तेच्या अंगार ओतल्याक एक दिस पण झालेलो नाय, वैनी! एक शबूद बोललो नाय माका."

"उगाच कायतरी सांगतास," बाबा पुटपुटले.

"गप रे! मगे आमी रोज तेची वाट बघूक लागलंव. आमी इचारूं, वर सायब लोक काय पितत रे? हो सांगी, लांब ग्लासात कायतरी रंगीत आसता, नाव एम्प्रेस. आमी म्हटला, मगे आमका पण तीच व्हयी. तेवापासून डबो घेवन शिडी उतरताना हो आरड मारी, 'एम्प्रेस इली रे!' आणि आमी फावडी टाकून धावूं."

साहेबाच्या ग्लासातून आलं होतं ते नुसतं नाव; आमची चक्रवर्तिनी आली होती बॉयलरच्या खोलीतून. इतकी वर्षं बाबा उतारूंना ती उलटी गोष्ट सांगत होते आणि खरी, चांगली गोष्ट लपवून ठेवत होते.

"काका," जनार्दन म्हणाला, "मगे ही साखळी खंयची?"

"चोरबाजार."

"मशिदीच्या बाजूक, जिन्याखालचा दुकान?" बाबांनी विचारलं.

"ताच. तुका कसा म्हायत?"

"कोट पण थंयसूनच घेतलंय."

एकदा ते दोघे जे हसायला लागले ते थांबेनात. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. जनार्दन हसला, मीही हसले. अनसूयाबाई मात्र हसल्या नाहीत. त्या उठल्या आणि बाहेर धक्क्याच्या टोकाशी जाऊन पाठमोऱ्या उभ्या राहिल्या.

आमचं हसणं विरलं. जनार्दन उठायला लागला, पण काकांनी त्याला खुणेने बसवलं. मग मीच गेले. क्षमा मागायची, एवढंच मनात होतं.

त्यांनी मान वळवली नाही. समुद्राकडे बघत म्हणाल्या, "माझे घरवाले पण बोटीरच होते. टंडेल आसंय, सारंगाच्या खालचो, असा सांगत. सुटयेर येत तेवा चार चार दिस खोकत. रुमालार काळा पडा. ते रुमाल मी धुवलंय. मी कदी इचारलंय नाय, आणि तेंनी कदी सांगल्यानी नाय. खोकता खोकताच गेले."

मी एक पाऊल पुढे होऊन त्यांच्या शेजारी उभी राहिले.

त्या तशाच वळल्या, आत गेल्या आणि काकांसमोर उभ्या राहिल्या. "भावजी, खरा सांगा. ह्येंचा काम काय होता?"

काका उठून उभे राहिले. "माझ्या बाजूकच, वैनी. एका बॉयलरार दोघा. तेचा फावडा माझ्यापरीस जड."

"आगवाले?"

"होय."

त्या हळूच खुर्चीत बसल्या. पदराने तोंड पुसलं. आता उठतील आणि जाऊया म्हणतील, असं मला वाटलं.

"पत्रिकेत तेंच्या नावाम्होरं टंडेल छापूचा, असा मी ठरयलेला," त्या म्हणाल्या. "आता नको. कैलासवासी विश्राम पराडकर, आगवाले, असा छापा." मग बाबांकडे वळून, "आणि तुमच्या नावाम्होरं काय छापूचा ता तुमी सांगा, व्याह्यानू."

व्याही! बाबांनी टेबलावरच्या घडी केलेल्या कोटाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"टोपस," मी म्हणाले. "टोपस छापा."

पत्रिकेच्या वेळी छापखान्याच्या मालकाने खास माणूस पाठवून विचारलं, हुद्दे लिहिताना काही चूक तर झाली नाही ना. बाबांनी कळवलं, चूक आधीच्या पाटीत होती. सगळं गोड गोड झालं असं मात्र नाही. बंदरावरच्या दोन-तीन घरांनी आमच्याकडचं पाणी टाकलं ते शेवटपर्यंत. बाबा आठवडाभर झोपले नाहीत. तरी पत्रिका गेल्या, आणि किनाऱ्यावरच्या गावांत त्या हातोहात फिरल्या.

वैशाखात हॉटेलमागच्या अंगणात मांडव पडला. मुहूर्ताला तासभर असताना बोलावणं नसलेली माणसं यायला लागली. निवतीचे, आचऱ्याचे, देवगडचे म्हातारे. आपापल्या गावात कोणी सारंग म्हणून मिरवत होता, कोणी बटलर म्हणून. मांडवाच्या दारात बाबा साध्या सदऱ्यात उभे होते. प्रत्येक म्हातारा त्यांच्यापुढे येऊन थांबायचा आणि नाव सांगायचा, मग हुद्दा.

"गोविंद मेतर, निवती. कोळसेवालो."

"बाळा टिकम, आचरा. भांडी घासणारो."

"येवा," बाबा म्हणायचे, "बसा."

सगळ्यांत शेवटी, अक्षता पडून पहिली पंगत बसत असताना, शिरोड्याचे एक गृहस्थ आले. डोक्याला जरीची टोपी, सोबत मुलगा, सून, दोन नाती. दारात त्यांचा पाय अडला. त्यांनी मागे वळून मुलाकडे बघितलं, सुनेकडे बघितलं. नातीच्या हातातला आपला हात त्यांनी सोडवून घेतला. मग बाबांकडे तोंड करून, पण मागच्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, ते म्हणाले, "टोपस. एकोणतीस वर्सा."

मुंडावळ्यांतून मला नीट दिसत नव्हतं, म्हणून मी त्या वर सारल्या. बाबांनी त्या म्हाताऱ्याचा हात धरला, त्याला मांडवातून मधोमध चालवत नेलं आणि पहिल्या पंगतीत, अनसूयाबाईंच्या शेजारच्या पाटावर बसवलं.

"ह्येंका मी वाढतलंय," अनसूयाबाई म्हणाल्या आणि पदर खोचून उठल्या.